कोल्हापुरात वनस्पती उद्यान कसे पाहावे: टाऊन हॉलच्या बागेपासून विद्यापीठापर्यंत

कोल्हापुरात पाहुणे आले की बेत ठरलेला असतो. अंबाबाईचे दर्शन, रंकाळा, न्यू पॅलेस, आणि वेळ उरला तर पन्हाळा. त्यात झाडांसाठी एक सकाळ काढा म्हटले की समोरचा विचारतो, "झाडांत काय बघायचं? ती तर सगळीकडं आहेत की." अशा माणसाला मी एकच सांगतो: दोन बागा एकाच दिवशी बघ, आणि मी सांगतो त्याच क्रमाने बघ. आधी शहराच्या मधोमध असलेली टाऊन हॉलची बाग, मग शिवाजी विद्यापीठाचे वनस्पती उद्यान.

क्रमाचा आग्रह धरण्याला कारण आहे. टाऊन हॉलची बाग संस्थानी काळातली. त्या काळी बाग करायची म्हणजे सावली, शोभा आणि लांबून आणलेल्या नवलाईच्या झाडांचा रुबाब. विद्यापीठाचे उद्यान स्वातंत्र्यानंतरचे. तिथे जपतात ती आपल्याच सह्याद्रीतली, कुणाच्या नजरेत न भरणारी वीतभर रोपे. पहिल्या बागेत मान वर करून बघावे लागते, दुसरीत गुडघे टेकून. मधल्या शंभर वर्षांत माणसांनी झाडांकडे बघण्याची रीत कशी बदलली, ते हा दिवस नीट घालवला तर कळते.

कधी जावे

याचे उत्तर तुम्हाला काय बघायचे आहे त्यावर आहे. फुललेली मोठी झाडे बघायची असतील तर फेब्रुवारी ते मे. पांगारा आणि पळस आधी येतात, मग बहावा, ताम्हण, गुलमोहर. जमिनीलगतच्या, कंदातून उगवणाऱ्या वनस्पती बघायच्या असतील तर जुलैअखेर ते सप्टेंबर. एकदाच जाणार असाल तर ऑगस्टचा उत्तरार्ध निवडा. पाऊस थोडा उघडीप देतो आणि विद्यापीठाच्या उद्यानातला सगळ्यात मोलाचा माल त्याच दिवसांत फुललेला असतो. मार्चमध्ये तिथे गेलात तर नुसत्या मातीने भरलेल्या कुंड्या आणि त्यांत खोचलेल्या पाट्या दिसतील. त्या कुंड्या रिकाम्या नसतात, खाली कंद असतो. पण ते सांगणारे कुणी सोबत नसेल तर माणूस "इथं काहीच नाही" म्हणून परत फिरतो.

निघण्याआधी

टाऊन हॉलच्या बागेत सरळ चालत जाता येते. विद्यापीठाचे तसे नाही. ते उद्यान शिकवण्यासाठी आणि संशोधनासाठी आहे, फिरायला येणाऱ्यांसाठी केलेले नाही. वनस्पतिशास्त्र विभागाच्या प्रमुखांच्या नावे चार ओळींचा अर्ज आधी द्या: किती जण येणार, कधी येणार, काय बघायचे आहे. शाळेची सहल असेल तर मुख्याध्यापकांच्या सहीचे पत्र जोडा. परीक्षेचे दिवस आणि विद्यापीठाच्या सुट्ट्या टाळा. आणि अर्जात "उद्यान पाहणे" एवढेच लिहू नका. "कंदीलपुष्पे आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती पाहायच्या आहेत" असे लिहिलेत तर दाखवणाराही हुरूप धरतो.

पिशवीत फार काही नको. वही, पेन्सिल (पावसात शाई पसरते), दहा पट मोठे दाखवणारे भिंग, शिंप्याकडची टेप, पाण्याची बाटली, छत्री. भिंग विसरू नका. मोबाईलचा कॅमेरा झूम करून भागते असे वाटते, पण केसाएवढ्या लवीचा रोख वर आहे की खाली, हे भिंगातूनच समजते, आणि पुढे त्याचेच काम पडणार आहे. पायात चप्पल नको, बूट घाला.

पहिला मुक्काम: टाऊन हॉल

सकाळी लवकर पोहोचा. सीपीआर रुग्णालयासमोरची ही बाग कोल्हापूरकराला वेगळी दाखवावी लागत नाही. बाहेरून येणाऱ्याने मध्यवर्ती बसस्थानकावरून रिक्षा केली तर काही मिनिटांत पोहोचतो.

आत गेल्यावर आधी इमारतीकडे बघा, झाडांकडे नंतर. उतरती छपरे, टोकदार कमानी, मनोरे. ही गॉथिक धाटणीची इमारत १८७२ ते १८७६ या काळात बांधली गेली. आराखडा चार्ल्स मँट या ब्रिटिश लष्करी अभियंत्याचा. न्यू पॅलेस आणि समोरच्या सीपीआरची जुनी इमारतही त्याच्याच हातची. तारखा लक्षात ठेवा. छत्रपती राजाराम महाराज १८७० साली युरोपच्या प्रवासात इटलीत फ्लॉरेन्सला वारले, तेव्हा ते अवघे विशीत होते. त्यांच्यामागे दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज अल्पवयीन होते, त्यामुळे कारभारावर इंग्रज पोलिटिकल एजंटाची देखरेख होती. गावाच्या मध्यात टाऊन हॉल आणि त्याला शोभेलशी बाग ही कल्पनाच मुळी त्या वातावरणातली. राजवाड्याची बाग राजघराण्यासाठी, देवळाची बाग देवाच्या फुलांसाठी. चार लोकांनी येऊन बसावे, फिरावे, सभा भरवावी म्हणून बाग, ही गोष्ट तेव्हा नवी होती.

आता मान वर करा. उंच झाडांच्या शेंड्यांना काळ्या पिशव्यांसारखे काही लटकलेले दिसेल. ती वटवाघळे. काही लोक नाके मुरडतात, पण ही फळे खाणारी मोठी वटवाघळे बिया लांबवर नेऊन टाकतात. त्यांच्याखाली फार वेळ उभे राहू नका, एवढेच पथ्य.

मग बागेला एक फेरी मारा, काहीही न लिहिता. दुसऱ्या फेरीत चार झाडे निवडा, चारच. सगळी बघायला गेलात तर एकही लक्षात राहणार नाही. निवडताना दोन देशी आणि दोन परदेशी घ्या, आणि प्रत्येकाजवळ दहा-पंधरा मिनिटे थांबा. खोडाची साल हाताने चाचपा, पडलेले पान उचलून दोन्ही बाजूंनी बघा, फळ किंवा शेंग पडली असेल तर फोडून बघा. झाडावरचे काही तोडायचे नाही. खाली पडलेले मुबलक असते.

परदेशी कुठले हे ओळखायला पाटी लागतेच असे नाही. आपल्याकडची कितीतरी ओळखीची झाडे पाहुणी आहेत. गुलमोहर मादागास्करचा. पर्जन्यवृक्ष आणि कैलासपती अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातले. चिंच आफ्रिकेतून आली, पण इतक्या पूर्वी की ती घरचीच झाली. आणि देवळाबाहेर हमखास दिसणारा, पूजेत सर्रास वाहिला जाणारा पांढरा चाफा मेक्सिको-मध्य अमेरिकेकडचा आहे, हे सांगितले की घरातली वडीलधारी माणसे चक्क वाद घालतात. घालू द्या.

पाटी कशी वाचायची

इथे थोडा वेळ काढा, कारण सगळा इतिहास पाटीवर असतो आणि नव्वद टक्के लोक तिच्यावरचे फक्त मराठी नाव वाचून पुढे जातात.

ताम्हणाचे उदाहरण घेऊ. महाराष्ट्राचे राज्यपुष्प. नीट लिहिलेल्या पाटीवर मराठी नावाखाली "लॅगरस्ट्रोमिया स्पेसिओझा (एल.) पर्स." असे शास्त्रीय नाव असते. पहिला शब्द प्रजातीचा. कार्ल लिनियसने तो मॅग्नस फॉन लागरस्ट्रॉम या मित्राच्या सन्मानार्थ ठेवला. हा मित्र स्वीडिश ईस्ट इंडिया कंपनीचा संचालक, पूर्वेकडून वनस्पतींचे नमुने मिळवून देणारा. म्हणजे आपल्या राज्यपुष्पाच्या नावात एका व्यापारी कंपनीचा माणूस बसला आहे. पुढचे कंसातले "एल." म्हणजे लिनियस, आणि कंसाबाहेरचे "पर्स." म्हणजे पेर्सून. कंस असला की समजायचे, पहिल्या माणसाने ही वनस्पती वेगळ्या प्रजातीत ठेवली होती, दुसऱ्याने ती आजच्या जागी आणली. कंस नसेल तर पहिल्याने केलेली नोंद अजून कायम आहे.

त्याखाली कुळ असते. ताम्हणाचे कुळ मेंदीचे, आणि आता डाळिंबही त्याच कुळात धरतात. खरे वाटत नसेल तर ताम्हणाची पाकळी आणि डाळिंबाची पाकळी शेजारी ठेवून बघा. दोन्ही इस्त्री न केलेल्या रेशमी कापडासारख्या चुरगळलेल्या. हे एकदा डोळ्यांनी बघितले की कुळ म्हणजे काय, ते वर्गात तासभर शिकवल्यापेक्षा पक्के होते.

सगळ्यात खाली मूळ प्रदेश. वहीत याच ओळीचा वेगळा रकाना करा. दिवसाअखेर या रकान्यात पहिल्या बागेखाली काय आले आणि दुसरीखाली काय आले, ते ताडून बघा.

एक इशारा. पाट्या चुकतात. ऊन-पावसाने पुसतात, झाड मरते आणि पाटी शेजारच्या झाडाला चिकटते, कधी रंगवणारा नावातले अक्षर गाळतो. शंका आली तर पान, साल, फूल आणि फळ असे चार फोटो काढा आणि जाणत्याला दाखवा. नुसत्या पानाच्या फोटोवरून मोबाईलचे ॲप जे नाव देते त्यावर पैज लावू नका.

झाडाचे वय

प्रत्येक जण हे विचारतोच. टेप काढा, जमिनीपासून १.३७ मीटर उंचीवर, म्हणजे साधारण छातीशी, बुंध्याचा घेर मोजा आणि लिहून ठेवा. पण घेरावरून वय सांगण्याची घाई नको. पर्जन्यवृक्ष भराभर सुटतो, चिंच सावकाश. वडाचा तर बुंधा कुठला आणि जाड झालेल्या पारंब्या कुठल्या, हेच कळत नाही. आपल्या हवेतल्या बहुतेक झाडांत वर्षाला एक असे स्वच्छ वलयही पडत नाही. साग त्याला अपवाद, पण वलये मोजायची तर लाकडापर्यंत जावे लागते. म्हणून खात्रीचा मार्ग म्हणजे जुना फोटो. इमारत आणि झाड एकाच फोटोत असतील तर इमारतीच्या खिडक्यांवरून झाडाची त्या वेळची उंची काढता येते. कोल्हापुरात जुन्या स्टुडिओंची आणि घराघरांतल्या अल्बमांची वाण नाही. टाऊन हॉलसमोर काढलेला आजोबांचा फोटो कुणाकडे ना कुणाकडे असतोच.

याला कायद्याचीही बाजू आहे. महाराष्ट्रात शहरी भागातल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे आणि २०२१ च्या दुरुस्तीनंतर ५० वर्षे किंवा त्याहून जुन्या झाडाला वारसा वृक्ष मानले जाते. म्हणजे तुमच्या वहीतला घेर आणि घरचा जुना फोटो उद्या एखाद्या झाडासाठी पुरावा म्हणून उभा राहू शकतो.

टाऊन हॉलच्या इमारतीत संग्रहालय आहे, ते उघडले की आत एक चक्कर मारा. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर उत्खननात सापडलेल्या वस्तू इथे आहेत. झाडांशी त्यांचा थेट संबंध नाही, पण सातवाहन काळात या गावाचा व्यापार रोमपर्यंत पोहोचला होता हे बघितल्यावर परदेशी झाडांची नवलाई जरा कमी होते. मग बाहेर पडून मिसळ खा. पुढे चालायचे आहे.

मधला धागा: दापोडी

केएमटीच्या बसमध्ये विद्यापीठापर्यंत जो वेळ मिळतो त्यात सोबतच्यांना ही गोष्ट सांगा, नाहीतर दुसरी बाग अधांतरी वाटते.

पश्चिम महाराष्ट्रात शास्त्रीय बागेची सुरुवात पुण्याजवळ दापोडीला झाली. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात, १८२८ च्या सुमाराला तिथे सरकारी वनस्पती उद्यान उभे राहिले. पुढे अलेक्झांडर गिब्सन हा डॉक्टर त्याचा अधीक्षक झाला. डॉक्टर का, तर कंपनी सरकारला औषधी वनस्पती हव्या होत्या. विलायतेहून औषधे मागवण्यापेक्षा इथेच पिकवली तर स्वस्त पडत. औषधांच्या मागोमाग इमारती लाकूड आले, कापसाचे वाण आले. गिब्सन गावोगाव फिरला, जंगले भराभर तुटताना पाहिली, त्याबद्दल सरकारला लिहीत राहिला आणि १८४७ मध्ये मुंबई इलाख्याचा पहिला वनसंरक्षक झाला. त्याच्यानंतर त्या जागी आलेला निकोल डाल्झेल हा त्याचा सहकारी. दोघांनी मिळून इलाख्यातल्या वनस्पतींची सूची १८६१ साली छापली.

याच डाल्झेलने एका मांसल खोडाच्या, कड्याच्या कपारीत वाढणाऱ्या छोट्या वनस्पतीला गव्हर्नर बार्टल फ्रियरचे नाव दिले: फ्रेरिया इंडिका. मराठीत तिला शिंदळ माकुडी म्हणतात. शिवनेरी, पुरंदर, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणीच ती निसर्गात उरली आहे. गव्हर्नरला खूश करायला दिलेले नाव, पण वनस्पती अस्सल मराठी मुलखातली, आणि नेमकी किल्ल्यांच्या कड्यांवरची. तिच्या जवळच्या नातेवाइकांना भेटायलाच आपण विद्यापीठात चाललो आहोत.

दुसरा मुक्काम: विद्यापीठ

शिवाजी विद्यापीठाची स्थापना १८ नोव्हेंबर १९६२ ची. परिसर ८०० एकरांहून मोठा, मूळचा माळ. फाटकातून आत आल्यावर अश्वारूढ शिवछत्रपतींच्या पुतळ्यासमोर सगळे फोटो काढतात, तुम्हीही काढा, आणि मग वनस्पतिशास्त्र विभागाची वाट विचारा.

इथल्या उद्यानाला केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने लीड बोटॅनिक गार्डन म्हणून मान्यता दिली आहे. म्हणजे आपल्या टापूतल्या दुर्मीळ आणि प्रदेशनिष्ठ वनस्पती गोळा करणे, त्यांची रोपे वाढवणे, इतर बागांना रोपे आणि माहिती पुरवणे हे काम त्याच्याकडे. प्रदेशनिष्ठ हा शब्द पक्का लक्षात ठेवा: जी वनस्पती जगात फक्त इथेच उगवते ती. कोल्हापूरच्या नावाची एक पांढरी मुसळीही आहे, क्लोरोफायटम कोल्हापुरेन्स. ती या विभागाच्या अभ्यासकांनी शास्त्राला नव्याने ओळख करून दिलेली. प्रा. श्रीरंग यादव आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी सह्याद्रीच्या सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या उघड्या खडकाळ पठारांवर, पावसाळे काढले, त्यातून अशा बऱ्याच नोंदी झाल्या आणि कोल्हापूर जिल्ह्याची वनस्पतीसूची २००२ साली तयार झाली.

दाखवणारी व्यक्ती सोबत असेल तर आधी कंदीलपुष्पांकडे न्यायला सांगा. ताडमाड, सायकस वगैरे नंतर बघता येतात.

कंदीलपुष्प, म्हणजे सेरोपेजिया. गवतातून वर आलेली नाजूक वेल किंवा ताठ काडी आणि तिच्यावर बोटाच्या पेराएवढे, काहींत बोटभर फूल. बुडाशी फुगीर, मध्ये अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून झालेली जाळीदार टोपी. आता भिंग काढा. नळीच्या आतल्या बाजूला बारीक केस आहेत, रोख आत आणि खाली. वासाने ओढलेली चिलटाएवढी माशी टोपीच्या फटीतून आत शिरते, घसरते, आणि केस तिला वर येऊ देत नाहीत. ती बुडाच्या फुगवट्यात अडकते. तिथे धडपडताना परागांच्या पुंजक्या तिच्या तोंडाला चिकटतात. मग नळीतले केस कोमेजतात, बऱ्याच जातींत उभे फूल आडवे होते, आणि माशी सुटते. सुटून शहाणी होत नाही, दुसऱ्या फुलात शिरते, आणि फुलाचे काम होते. फुलाला धक्का न लावता, खालच्या बाजूने वाकून बघा. एखाद्या फुगवट्यात काही हललेले दिसले तर तुमचा दिवस सार्थकी लागला.

यांच्या पाट्या वाचताना आधीचा धडा वापरा. सेरोपेजिया सह्याद्रिका डोंगररांगेच्या नावाची, सेरोपेजिया महाबळेई पुण्याच्या प्रा. महाबळे यांच्या, सेरोपेजिया लॉई मुंबई इलाख्यातल्या लॉ या इंग्रज अधिकाऱ्याच्या. गव्हर्नर आणि अधिकाऱ्यांच्या नावांशेजारी आपले डोंगर आणि आपली माणसे पाटीवर कधी आली, ते वहीत टिपत गेलात तर राज्य बदलल्याची खूण तिथेही सापडेल.

या वनस्पती कमी का झाल्या, हेही विचारा. गुराख्यांची पोरे कंद उकरून खातात, गुरे शेंडे खातात, ही जुनी कारणे. नवे आणि मोठे कारण म्हणजे सडे. जांभ्या खडकाचा सडा उन्हाळ्यात भकास दिसतो म्हणून सरकारदरबारी तो पडीक ठरतो. त्यावर रस्ते होतात, पवनचक्क्या येतात, आणि कोल्हापूर जिल्ह्यात त्याच्या पोटात बॉक्साइट असल्याने खाणीही होतात. एखादी जात दोन-चार सड्यांवरच असेल तर एक सडा गेला की तिचा पाव ते अर्धा संसार गेला. म्हणून बी आणून कुंडीत रोपे करायची आणि सुरक्षित जागी परत नेऊन लावायची, हा खटाटोप. रोपे तयार करणाऱ्या माळीमामांशी बोलायला चुकू नका. कुठली माती, पाणी कधी तोडायचे, कंद कुजतो कशाने, हे पुस्तकापेक्षा त्यांच्या हातांना जास्त कळते.

दोन पथ्ये. दुर्मीळ वनस्पतीचा फोटो टाकताना ती निसर्गात कुठे उगवते ते ठिकाण लिहू नका, फोटोतली जागेची नोंदही काढून टाका, कारण कंद उपटून विकणारे असतात. आणि "एखादा कंद द्या की घरी लावायला" असे म्हणू नका. कुंडीत तो बहुधा मरतोच.

वेळ असेल तर हर्बेरियम दाखवण्याची विनंती करा. दाबून वाळवलेल्या नमुन्यांचे हे कपाट म्हणजे बागेचे दप्तर. प्रत्येक कागदावर गोळा करणाऱ्याचे नाव, तारीख आणि गाव असते. तुमच्या गावाचे किंवा जवळच्या डोंगराचे नाव सांगा आणि तिथला नमुना मागा. मुलांना झाडापेक्षा हे जास्त आवडते, असा माझा अनुभव आहे.

नंतरचा अभ्यास

टाऊन हॉल आणि जुन्या कोल्हापूरबद्दल खोलात जायचे असेल तर मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा १८८६ चा कोल्हापूर खंड आधी चाळा. मग १८५० साली सुरू झालेले करवीर नगर वाचन मंदिर गाठा, तिथे जुनी मराठी पुस्तके आणि अंक मिळतात. संस्थानी दप्तर पाहायचे तर पुराभिलेखागार आहे, पण तिथला बराच मजकूर मोडीत. मोडी येणारा मित्र सोबत घ्या आणि "बाग", "माळी", "रोपे" असले शब्द खर्चाच्या नोंदींत शोधायला लावा. बागेचा इतिहास हुकूमनाम्यांत क्वचित सापडतो, पगारपत्रकांत हमखास.

आणि ऑगस्टमध्ये दोन्ही बागा झाल्या असतील तर पुढच्या रविवारी पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर जा. कुंडीत पाहिलेल्या वनस्पतींचे घर कसे असते ते तिथे दिसेल. गाडी कडेला लावा, मळलेल्या पायवाटेवरूनच चाला, आणि फोटोसाठी फुलांत बसायचा मोह झाला तर उघडा खडक शोधून त्यावर बसा.